नाकाची गॅरंटी

"त्या नाकाची गॅरंटी मी देतो," दिनकरराव हर्डीकर म्हणाले आणि श्रीखंडाची वाटी पुढे सरकवली. "लिहून देतो हवं तर."

लताताईंचा डाव पातेल्यातच थांबला. दिल्लीतल्या अख्ख्या सरकारी नोकरीत त्यांच्या नवऱ्यानं कधी काही लिहून दिलेलं नव्हतं. दिनकररावांच्या टेबलावरून पुढे गेलेल्या प्रत्येक फायलीवर 'चर्चा करावी' एवढंच असायचं, आणि चर्चेच्या दिवशी त्यांचं पोट बिघडायचं. खात्यात चौकश्या झाल्या, साहेब लोक बदलले, एकदा तर शेजारच्या टेबलावरचा माणूस सस्पेंड झाला. दिनकररावांच्या शर्टाला सुरकुती पडली नाही. आणि असा माणूस आता गॅरंटी देत होता, तीही दुसऱ्याच्या नाकाची.

नाक खंडेराव बाबरचं होतं. खंडेराव जतजवळच्या एका गावातला, केंद्रीय दलात सब-इन्स्पेक्टर, स्पोर्ट्स कोट्यातून लागलेला बॉक्सर. हर्डीकरांच्या तनयाला तो आवडला होता, तिनं त्याला घरी जेवायला आणून दाखवलाही होता, आणि लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये आता फक्त लताताईंच्या 'हो'ची वाट बघणं चालू होतं. लताताई म्हणाल्या, जातपात आपण बिल्कुल मानत नाही. हे त्या एका जेवणात इतक्या वेळा म्हणाल्या की शेवटी तनयानं विचारलं, मग प्रॉब्लेम काय आहे? प्रॉब्लेम शोधायला लताताईंना जरा वेळ लागला. मग त्यांना नाक सापडलं. बॉक्सर लोकांची नाकं मोडतात, डोक्यावर परिणाम होतो, पुढे पुढे बायकोलाही ओळखत नाहीत, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

पंचाईत अशी की खंडेरावचं नाक हर्डीकरांच्या घरातल्या कुठल्याही नाकापेक्षा सरळ होतं. त्याचं कारण त्याची खेळायची पद्धत. तो मारायचा कमी आणि चुकवायचा जास्त. समोरच्याचा ठोसा यायचा तेव्हा खंडेराव तिथे नसायचा. असायचा त्याच्या वीतभर बाजूला, आणि चेहरा असा की बसची वाट बघतोय. दिनकरराव त्याची एक मॅच बघून आले ते भारावूनच. माणूस चारचौघांत मारामारी करत होता आणि अंगावर काहीही येऊ देत नव्हता. हे तर त्यांचं स्वतःचं करिअर होतं, फक्त हाफ चड्डीत.

"आजपर्यंत कोणी हात लावू शकलेलं नाही त्याला," दिनकरराव म्हणाले. "आणि लावणारही नाही."

"समजा," लताताई म्हणाल्या.

हर्डीकरांच्या घरात हा शब्द आला की तनया ताट उचलून आत जायची. लताताई एक प्रश्न विचारून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. उत्तर यायच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा. दिनकररावांनी आयुष्यभर ते सगळे मान जराशी तिरकी करून जाऊ दिले होते.

"समजा, समोरचा थांबतच नाही. समजा, तो आपला सुजय आहे. मग?"

सुजय हा परभणीचा मुलगा. करोल बागेत एका खोलीत राहून यूपीएससी करत होता आणि दर रविवारी हर्डीकरांकडे जेवायला यायचा. हुशार होता, पण त्याला प्रश्न सोडून देता यायचा नाही. प्रिलिम्सला चुकीच्या उत्तराचे मार्क कापतात, हे त्याला क्लासवाल्यांपासून लताताईंपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. तरी हा प्रत्येक प्रश्नाला गोल काळा करून यायचा आणि दर वर्षी कापला जायचा. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेतही तेच. मुद्दे संपेपर्यंत बोलायचा, वेळ आधीच संपायची, आणि दर वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन जायचा. टेन्शन घालवायला म्हणून त्यानं गल्लीतल्या एका बॉक्सिंग जिममध्ये नाव घातलं होतं. तिथला कोच म्हणायचा, लडका अच्छा है, बस बंद नहीं होता.

त्या रविवारी सुजय तिथेच पानावर होता. आपलं नाव निघालं म्हणून तो लाजला आणि चौथी पोळी घेतली.

लताताईंनी तो 'समजा' संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ज्याला मार लागत नाही तो जिंकेल, की जो मारायचा थांबत नाही तो? आठवडाभर ग्रुपवर दुसरं काही चाललं नाही. रिटायर झालेल्या एका इंजिनिअरनं गणित मांडून दाखवलं की सतत मारणाऱ्याचा एक तरी ठोसा लागणारच, प्रश्न फक्त कधीचा. दुसऱ्यानं लिहिलं की सतत चुकवणाऱ्याला फक्त वेळ काढायचा असतो आणि दिल्लीत वेळ काढणारा कधी हरलेला नाही. एका बाईंनी दोन्ही बाजूंना नमस्काराचे हात पाठवले आणि विचारलं की यंदा उकडीचे मोदक कोण करणार आहे.

एवढ्यावर हे राहिलं असतं. पण गणपती बसले, आणि शनिवारी जे नाटक व्हायचं होतं त्याच्या नायकाची गुवाहाटीला बदली झाली. मोकळ्या वेळात काय करायचं म्हणून मंडळाची मीटिंग बसली. मंडळाचे अध्यक्ष श्यामराव. ऐकू कमी येत असल्यामुळे सगळ्यांचं मत विचारात घेणारे म्हणून त्यांची ख्याती होती. ते म्हणाले, ती पोरांची बॉक्सिंगच ठेवू या, स्टेजवर. मैत्रीपूर्ण. दिनकररावांनी टाळ्या वाजवल्या. लताताईही हो म्हणाल्या, आणि घरी येऊन तनयाला सांगितलं, "शनिवारी त्याचं नाक वाचलं, तर मी पुढे बोलणार नाही."

तनयानं खंडेरावला फोन करून ही अट सांगितली. तो म्हणाला, एवढंच ना.

शनिवारी कम्युनिटी हॉलच्या स्टेजवर टेंटवाल्याचे चार खांब आले, त्यांना दोर बांधला, खाली गाद्या घातल्या आणि गाद्यांवर सतरंज्या. सतरंज्या पानिपतच्या निघाल्या. मराठी माणसाला तिथे कशाला उभं करताय, असं मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाजूला मखरात गणपती बसले होते. रेफरी श्यामराव. धक्काबुक्कीत कानातलं मशीन पडेल म्हणून त्यांनी ते काढून बायकोच्या पर्समध्ये ठेवलं. आणि घंटेवर दिनकरराव.

घंटेवर दुसरं कोणी बसणं शक्यच नव्हतं. मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत घंटा कायम त्यांच्याकडे असायची. टेबलावरची छोटी पितळी घंटी, वरून तळहातानं दाबायची. एक टोला म्हणजे एक मिनिट उरलं, आवरतं घ्या. दोन टोले म्हणजे बसा. दिल्लीत वाढलेली मराठी पोरं एक वेळ पाढे विसरतील, पण हा नियम विसरणार नाहीत. ती एक घंटी ऐकली की स्टेजवरचं पोर उरलेले सगळे मुद्दे एका श्वासात म्हणायला लागतं.

खंडेराव मॅचच्या आधी टेबलापाशी आला होता. ग्लोव्ह्जनी नमस्कार करून म्हणाला, "काका, सुरू करताना घंटा, संपताना घंटा. मध्ये काही नाही. आमच्यात घंटा झाली की हात खाली."

"मध्ये नाही म्हणजे नाही," दिनकरराव म्हणाले.

पहिला राउंड सुरू झाला आणि सुजय सुटला. उजवा, डावा, उजवा, उजवा, परत डावा. खंडेराव मान इकडे करायचा, खांदा तिकडे, अर्धं पाऊल मागे. सुजयनं हवा मारली, दोर मारला, एकदा टेंटवाल्याचा खांब मारला. अधूनमधून खंडेराव डावा हात लांब करून त्याच्या कपाळाला नुसता लावून यायचा, पोस्टाचा शिक्का मारावा तसा. दिनकररावांनी हात वर करून दोन टोले दिले. पहिल्या टोल्यालाच खंडेरावनं हात खाली घेतले. दुसऱ्या टोल्याला सुजय थांबला. इकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

दुसरा राउंडही तसाच. आता हॉलमध्ये लोक खुर्च्यांवर चढले होते. मघाचे इंजिनिअर ओरडत होते की गणित अजून संपलेलं नाही. लताताई पहिल्या रांगेत पर्स घट्ट धरून बसल्या होत्या आणि ठोसा चुकला की, स्वतःच्याही नकळत, त्यांची मान त्या बाजूला वळायची.

तिसऱ्या राउंडला दिनकररावांना आयुष्यात कधी नव्हे तो आनंद झाला. घड्याळाकडे बघता बघता त्यांना दिसत होतं की हा पोरगा जावई होणार, आपण दिलेली एकमेव गॅरंटी खरी ठरणार, आणि मार न खाता जगणं हीसुद्धा एक कला आहे हे लताला पहिल्या रांगेत बसून कळणार. काटा शेवटच्या मिनिटावर आला. त्यांचा हात आपोआप पुढे गेला आणि घंटीवर पडला.

टिंग.

हॉलमध्ये इतका गोंधळ होता की ती कोणालाही ऐकू गेली नाही. श्यामरावांना तर घंटीच काय, हॉलही ऐकू येत नव्हता. स्टेजवरच्या दोघांना मात्र ऐकू गेली. खंडेरावनं हात खाली घेतले, चेहरा कोपऱ्यात बाटली घेऊन उभ्या असलेल्या तनयाकडे वळवला आणि हसला. सुजयला कळलं की एक मिनिट उरलं. त्यानं उरलेले सगळे मुद्दे मांडायला घेतले.

पहिला मुद्दा नाकावर लागला.

आवाज फार झाला नाही. खंडेराव सतरंजीवर बसला, आश्चर्य वाटल्यासारखा. त्याला नाकावर काही लागण्याची सवय नव्हती, त्यामुळे पुढे काय करायचं असतं हेच माहीत नव्हतं. तनया दोराखालून आत घुसली. सुजय दोन्ही ग्लोव्ह्ज तोंडावर धरून उभा होता. खंडेरावनं त्याला विचारलं, हाताला लागलं नाही ना तुझ्या? मग प्रसादाचे नॅपकिन नाकाशी धरून तो टेबलाकडे वळला.

"काका, घंटा झाली ना?"

दिनकररावांचा हात अजून घंटीवरच होता. त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

"वेळ संपली नव्हती," ते म्हणाले.

हे खरं होतं. त्यांनी आजवर लिहिलेलं, बोललेलं सगळं असंच खरं होतं.

"असं?" खंडेराव म्हणाला. "मग माझ्याच कानात वाजली असणार."

श्यामरावांनी परिस्थिती बघून सुजयला विजयी घोषित केलं. मंडळात कोणालाही रिकाम्या हातानं पाठवायची पद्धत नाही, म्हणून खंडेरावला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा दिला. तो डबा मांडीवर घेऊनच तो हॉस्पिटलला गेला. सुजयला आयुष्यात पहिल्यांदा पहिला नंबर मिळाला होता आणि तो प्रसादाच्या टेबलामागे बसून रडत होता.

दिनकररावांनी घरी जाताना स्वतःला समजावलं की नाकाचं हाड आहे, जुळेल. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं की विसर्जन झाल्यावर सांगितलेलं बरं, सणासुदीत कशाला. आरतीला ते मागच्या रांगेत उभे राहायला लागले. घंटा सुरू झाली की त्यांची नजर खाली जायची. गणपती मखरातून सगळं बघत होते आणि घंटीवर पडलेला हात बघितलेले तेच एक साक्षीदार होते, तेही न बोलणारे. दिनकररावांना मोदक जाईना. लताताईंनी विचारलं, पित्त झालंय का, काही खाल्लंत का बाहेर, झोप लागत नाही का, बीपीची गोळी घेतलीत का. दिनकररावांनी चारही प्रश्नांना एकदाच मान हलवली.

मग बुधवारी तनया ऑफिसमधून आली ती रडलेली दिसत होती. नाकाचं काही नाही, ती म्हणाली, ते सरळ बसवलंय. पण खंडेरावनं त्यांच्या दलाच्या डॉक्टरांना सांगितलं की मॅचमध्ये त्याला नसलेली घंटा ऐकू आली. कोणी विचारलं नव्हतं, त्यानं आपणहून सांगितलं. डॉक्टर गंभीर झाले. आता डोक्याचा एमआरआय, कानाची तपासणी, आणि रिपोर्ट येईपर्यंत प्रॅक्टिस बंद. पुढच्या महिन्यात नॅशनल कॅम्पचं सिलेक्शन होतं, तेही गेल्यातच जमा. आणि खंडेराव तिला म्हणाला होता की काकूंचं बरोबर होतं, डोक्यावर परिणाम होतो, आणि अशा माणसाशी तू लग्न करू नयेस.

"मी रविवारी येऊन तुमच्या घरी सांगतो म्हणाला," तनया म्हणाली. "सांगतो काय, यार? काय सांगणार?"

दिनकरराव बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर उभे राहिले. आता बोलायलाच हवं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि हळू आवाजात म्हणून बघितलं: सदर प्रकरणी घंटा वाजली असल्याची शक्यता नाकारता येत नाही. परत म्हणून बघितलं. घंटा वाजवली गेली असावी. किती वेळा म्हटलं तरी वाक्यात घंटा यायची, वेळ यायची, हॉल यायचा. 'मी' काही येईना. नोकरीभर जो शब्द कधी लिहिला नाही, तो आता तोंडातही सापडत नव्हता.

आणि अजून एक भानगड होती. घंटी सुजयनंही ऐकली होती. तो कधीतरी बोलता बोलता सहज म्हणून जाईल, वॉर्निंगच्या घंटीनंतर मी जोर लावला. म्हणून दिनकररावांनी मॅचच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याला फोन केला होता आणि सांगितलं होतं की काकू फार रागावल्या आहेत, सध्या जेवायला येऊ नकोस, मीच सांगेन तुला. मग रोज सकाळी त्याचा मेसेज यायला लागला: काका, सॉरी. काकूंना सांगा, सॉरी. जिम सोडली. शुक्रवारी दिनकरराव काही कामाला करोल बागेत गेले तेव्हा त्यांना तो एका ठेल्यावर उभा दिसला. समोर छोले कुलचे होते आणि तो ते नुसते बघत होता. ज्या पोरानं पान कधी अर्धं टाकलं नव्हतं, तो. दिनकरराव एका साड्यांच्या दुकानात शिरले आणि तो जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. बाहेर येताना त्यांच्या हातात एक साडी होती, कारण दुकानदारानं तोवर ती पॅक केली होती.

साडी लताताईंना दिल्यावर त्यांना खात्री पटली की नवऱ्याचं काहीतरी बिनसलं आहे.

रविवारी दुपारी खंडेराव आला. नाकावर पांढरी पट्टी, डोळ्यांखाली निळं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धावायचं नाही, शिंकायचंसुद्धा जपून, असं बजावलं होतं. तो सोफ्याच्या कडेला बसला. तनया त्याच्या समोर. दिनकरराव पाणी आणायला आत गेले, पाणी आणून साखर आणायला गेले, साखर आणून पंख्याचा स्पीड बघायला लागले.

"अहो, बसा एका जागी," लताताई म्हणाल्या.

खंडेरावनं सरळ सांगितलं. म्हणाला, मी कोणाला फसवणार नाही. मार लागला त्याचं काही नाही, आज ना उद्या लागणारच होता. पण जी घंटा वाजलीच नाही ती मला अगदी स्पष्ट ऐकू आली. आमच्यात एक सिनिअर होते, त्यांचंही असंच सुरू झालं होतं. उद्या एमआरआय आहे. रिपोर्ट काहीही आला तरी तनयानं माझ्यासाठी थांबू नये. तिला मी सांगितलंय, तुम्हालाही सांगायचं होतं. आणि काका, तुम्ही माझ्याबद्दल मोठ्या मनानं बोललात, तुमचा शब्द मी खाली पाडला, त्याबद्दल माफ करा.

दिनकरराव पंख्याच्या रेग्युलेटरपाशी उभे होते. तनया खाली बघत होती. लताताई एरवी एवढ्यात चार प्रश्न विचारून मोकळ्या झाल्या असत्या, पण आज त्यांनी नुसता पदर सारखा केला.

आणि दारावरची बेल वाजली.

खंडेरावनं दचकून मान वर केली. आधी लताताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तनयाच्या, मग दिनकररावांच्या. ही तुम्हालाही ऐकू आली ना, एवढंच त्याला बघायचं होतं. विचारायची त्याची हिंमत नव्हती.

आयुष्यभर मान तिरकी करणाऱ्या माणसाला ते समोरून येताना दिसलं, आणि पहिल्यांदाच बाजूला होता आलं नाही.

"ती घंटा मी वाजवली," दिनकरराव म्हणाले.

"अहो, दारावर कोणीतरी आहे," लताताई म्हणाल्या. "तुम्ही कशी वाजवाल?"

"ही नाही. शनिवारची." ते रेग्युलेटर धरूनच बोलत होते. "एक मिनिट उरलं होतं. हात गेला माझा. सवयीनं गेला. मी वाजवली आणि नाही म्हणालो. खंडेराव, तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. तुम्ही बरोबर ऐकलंत."

बेल पुन्हा वाजली. तनयानं यंत्रासारखं उठून दार उघडलं. बाहेर सुजय उभा होता, लताताईंचे रिकामे डबे पिशवीत घेऊन. तो दारातूनच घडाघडा बोलायला लागला. डबे परत द्यायला आलो, आत येत नाही, काकू रागावल्यात हे माहीत आहे, पण मी मुद्दाम नाही मारलं. काकांची एक मिनिटाची घंटी झाली म्हणून मी स्पीड वाढवला, दुसरा टोला झाला असता तर मी थांबलो असतो, दर वर्षी थांबतो, विचारा काकांना.

"मी कधी रागावले?" लताताई म्हणाल्या.

सगळे दिनकररावांकडे बघायला लागले.

"तेही मीच," दिनकरराव म्हणाले. एकदा सापडल्यावर 'मी' आता थांबत नव्हता. साडीचंही त्यांनी सांगून टाकलं.

मग लताताईंनी सुरू केलं, आणि त्या दुपारी दिनकररावांनी एकही चुकवला नाही. पोराचं सिलेक्शन घालवायला निघाला होतात? हो. पोरीचं लग्न? हो. या सुजयला आठवडाभर उपाशी ठेवलंत? छोले कुलचे होते, पण हो. आणि मला साडी आणलीत ती काय प्रेमानं? यावर ते थोडे अडखळले, पण नाही म्हणाले. सुजय कोपऱ्यात डबे पोटाशी धरून हे ऐकत होता. त्याला हा वेग ओळखीचा वाटत होता.

खंडेरावनं एकदा डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला, तोंडानं, कारण नाकानं घेता येत नव्हता. मग तो हसायला लागला आणि दुखलं म्हणून थांबला. तनयानं बाबांना 'यार, बाबा' एवढंच म्हटलं आणि ते त्यांना बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं. दिनकररावांनी मान खाली घालून सांगितलं की डॉक्टरांना जे काही द्यायचं असेल ते मी लेखी देतो, सहीनिशी, माझ्या नावानं.

"ते तर द्यालच," लताताई म्हणाल्या. मग खंडेरावकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला. "अट नाकाची होती. नाक मोडलं, तेव्हा अट गेली. पण तुझ्या डोक्यात काही बिघडलंय असं तुला वाटलं, आणि ते लपवायचं सोडून तू इथे येऊन सांगितलंस. या घरात इतकी वर्षं मी कोणालाही असं काही येऊन सांगताना बघितलेलं नाही. माझा हो आहे."

दिनकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा टोमणा आपल्यालाच आहे हे त्यांना समजलं, आणि तो त्यांनी तसाच अंगावर घेतला.

खंडेराव उठला आणि नमस्काराला वाकला. दिनकरराव त्याला खांदे धरून वर उठवायला लगबगीनं पुढे झाले आणि वाकले. लताताईंना डॉक्टरांचं आठवलं आणि त्या म्हणाल्या, अरे वाकू नकोस. खंडेराव झटक्यात सरळ झाला.

हॉस्पिटलात दोघांचेही एक्सरे काढले. खंडेरावचं नाक जागच्या जागी होतं. दिनकररावांचं डावीकडे सरकलं होतं.